कालची रोटी

बुशराने फळीवरचं फडकं बाजूला सारलं आणि रोट्यांच्या फुगीर पाठी एकेक करून न्याहाळल्या. गल्लीतल्या भट्टीवर साऱ्या घरांचं पीठ भाजायला येई, आणि प्रत्येक घर आपल्या रोटीवर आपली खूण करून पाठवी. आईची खूण तीन टोचे, मधोमध.

"आईची खूण विसरलीस होय?" लांब दांड्याचं फावडं भिंतीला टेकवत भट्टीवाला अल्लाल म्हणाला. "कासाब्लांकानं डोळेही ठेवून घेतले वाटतं."

"डोळे आहेत, अल्लालकाका. तुमच्या धुरानं झोंबतायत."

"धूर तोच आहे, पोरी. तूच पाहुणी झालीस. किती दिवस?"

"बघू."

फळी डोक्यावर घेऊन ती गल्लीच्या सावलीत शिरली. परत जायचं नाही, हे एकच वाक्य घेऊन ती तीन दिवसांपूर्वी माहेरी, मेकनेसला येणाऱ्या गाडीत बसली होती. ते अजून तिच्या तोंडून निघालं नव्हतं. आई यामनानेही काही विचारलं नव्हतं. दाराआडच्या बुशराच्या मोठ्या बॅगेला मात्र ती रोज वळसा घालून जात होती.

घरात नियम एकच होता. आधी कालची संपवायची. आजची फडक्याखाली ठेवायची, ती उद्याची. अन्न टाकणं पाप, म्हणून हा नियम. आणि या नियमापायी, रोज ताजी रोटी भाजून आणणाऱ्या त्या घरच्या माणसांनी कधी ताजी रोटी खाल्ली नव्हती. बुशराने लहानपणी ती फक्त हुंगली होती. वडील गेले त्या दुपारीही त्यांच्या ताटात आदल्या दिवशीचाच तुकडा होता. एकदा तिने आईला विचारलं होतं, यम्मा, एक दिवस पीठ मळलंच नाही तर? "आणि कुणी आलं तर?" आई म्हणाली होती. येणाऱ्यापुढे ताजीच ठेवायची असते.

यामनाने मसुराचं वाडगं दोघींच्या मधे ठेवलं. गरम रोटी मोडली, वाफ निघणारा अर्धा भाग बुशरासमोर सरकवला, शेजारी ऑलिव्हचं तेल. स्वतःसाठी टोपलीतून कालची काढली. सलग तिसरी दुपार. पहिल्या दिवशी बुशराने ती अधाशासारखी खाल्ली होती. दुसऱ्या दिवशी तिचं लक्ष आईच्या हातातल्या तुकड्याकडे गेलं. आज तिला घास उचलवेना.

"मुरादचा फोन आला होता?"

"आला होता."

"काय म्हणतोय जावई?"

"इस्त्री कुठे ठेवलीस, विचारत होता."

"मग?"

"सांगितलं. कपाटावर."

यामनाचा हात वाडग्याच्या काठाशी थांबला, पुन्हा चालू लागला. बुशराने समोरची गरम रोटी हलकेच दूर लोटली आणि आईच्या टोपलीत हात घातला.

"ती नको गं. कालची आहे."

"माहीत आहे, यम्मा."

"तुझ्यापुढची निवतेय बघ."

"निवू दे. उद्याला होईल."

खालच्या गल्लीत कुणीतरी गाढवावर खेकसलं.

"हात उचलतो?" यामनाने खालमानेने विचारलं.

"नाही."

"दुसरी कुणी?"

"नाही गं."

"मग झालं तरी काय?"

"काहीच नाही. अकरा वर्षं काहीच नाही." बुशरा कडक तुकडा बोटांत फिरवत राहिली. "समुद्र वीस मिनिटांवर होता. दरवर्षी म्हणायचो, पुढच्या उन्हाळ्यात जाऊ. तो म्हणायचा, मीही म्हणायची. आधी हे संपू दे, मग ते."

"वेड्यांनो," तुकडा रश्शात दाबत यामना म्हणाली, "एखाद्या दिवशी उठून जायचं होतं."

बुशराने मान वर केली. आईच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. तिने टोपलीतल्या कालच्या रोटीकडे पाहिलं, मग फळीवरच्या फडक्याकडे.

यामना उठली. बुशरासमोरची अर्धी रोटी, उरलेल्या अर्ध्यासकट, तिने उचलून फळीवरच्या बाकीच्यांत ठेवली आणि फडक्याची टोकं चारही बाजूंनी आत खोचली. मग दाराआडची बॅग दोन्ही हातांनी ओढत आतल्या खोलीत नेली. परतली तेव्हा तिला थोडी धाप लागली होती, पण कपाळावरची तीन दिवसांची आठी गेली होती.

"उद्यापासून दोन रोट्यांचं पीठ जास्त मळते," बसता बसता ती म्हणाली. "आणि नीट बुडवून खा. दात तुटतील."

"हो, यम्मा."

बुशराने तुकडा रश्शात सोडला. तो मऊ व्हायला वेळ लागत होता. ती थांबली.