ग्रिलवरचा दिवा

आमच्या खानावळीच्या मागच्या अंगणात बाबा कोळशाच्या ग्रिलवर कोंबडी भाजतात, आणि हल्ली ती आतून कच्ची निघत होती. ताटं परत यायला लागली. खानावळ आता माझा धाकटा भाऊ चालवतो. लहानपणापासून हुकूम सोडायची खोड, म्हणून घरात त्याचं नाव मालक. मालकाने जाहीर केलं, "आणखी एक ताट परत आलं, तर बाबांनी गल्ल्यावर बसायचं. ग्रिलला मी दुसरा माणूस आणतो."

बाबांचा चेहरा पडला. आई गेल्यापासून त्यांचा जीव त्या ग्रिलपाशीच रमतो. ते एवढंच म्हणाले, "माझा दोष नाही. त्या दिव्याचा आहे."

दिवा म्हणजे ग्रिलच्या दांड्याला अडकवलेला, हवी तशी मान वाकवता येणारा छोटा दिवा. त्याला तीन पेन्सिल सेल लागतात. नवे घातले की दोन दिवस झकास, मग रोज थोडा थोडा मंद. बाबा तेच सेल उन्हात तापवून, जागा बदलून पुन्हा घालायचे आणि दिव्याला शिव्या द्यायचे.

माझं दुरुस्तीचं दुकान आहे. मिक्सर, पंखे, टॉर्च, येईल ते करते. "द्या इकडे," मी म्हणाले. "सेलची भानगडच संपवून टाकते. चार्ज होणारा लिथियमचा बसवते."

"बसव," मालक म्हणाला. "पण मग सबब चालायची नाही."

त्याला चार शब्द सुनावणार होते. बाबांसमोर नको म्हणून गिळले.

काम अवघड नव्हतं. तीन पेन्सिल सेल मिळून साडेचार व्होल्ट देतात, आणि लिथियमचा एकच सेल पुरा भरला की चाराच्या थोडा वर जातो. दिव्याचं तेवढ्याने अडत नाही. एका मेलेल्या ड्रिलच्या बॅटरीतून धडधाकट सेल शोधून काढला आणि त्याला चार्जिंगची पट्टी जोडली. दिव्याच्या पोटात तो मावत नव्हता, आणि मावला असता तरी मी घातला नसता. लिथियमला उष्णता सोसत नाही, निखाऱ्यांशेजारी ठेवणं म्हणजे आफत. म्हणून सेल प्लास्टिकच्या डबीत घातला, लांब वायर सोडली आणि डबी बाजूच्या टेबलाच्या पायाला बांधली.

"एक लक्षात ठेवा, बाबा," मी बजावलं. "हा जुन्यासारखा कुरकुरत मंद होत नाही. शेवटपर्यंत लख्ख जळतो आणि संपला की फटदिशी बंद. सेल खराब होऊ नये म्हणून ती पट्टीच वीज तोडते."

"बरं झालं," बाबा म्हणाले. "घरात एक तरी जण कुरकुर न करता काम करील."

संध्याकाळी गिऱ्हाइकं यायला लागली आणि मालकाने घाईघाई सुरू केली. सेल पुरता भरला नव्हता, तरी तसाच जोडून दिला. उजेड असा पडला की निखाऱ्यावरची राखसुद्धा मोजावी. मालकही "वा" म्हणाला आणि आत गेला. मी टेबलाशी कांदे चिरत बसले. बाबा खुशीत होते, चिमट्याने तुकडे उलटत गुणगुणत होते.

आणि दिवा गेला. अंगणात उरला तो निखाऱ्यांचा तांबडा उजेड आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून येणारी तिरीप. मी सुरी खाली ठेवली. आता बाबा ओरडणार, तुझ्या लिथियमच्या नानाची टांग!

बाबा ओरडले नाहीत. त्यांनी एक तंगडी चिमट्यात धरली, त्या विझलेल्या दिव्याखाली नेली, सुरीने चीर पाडली आणि वाकून आत पाहिलं.

"हे बघ," ते म्हणाले. "उजेड असला की कसं स्वच्छ दिसतं. शिजली."

क्षणभर वाटलं, काही बोलूच नये, गुपचूप सेल चार्जिंगला लावावा. पण तंगडी ताटात ठेवायला त्यांनी हात पुढे केला होता.

"बाबा, दिवा बंद आहे."

चिमटा हवेतच राहिला. त्यांनी दिव्याची मान चाचपली, बटण दाबलं, पुन्हा दाबलं.

"कधीपासून?"

"मघापासून."

त्यांनी बटण सोडलं. मग म्हणाले, "दिवसा बरं दिसतं गं. अंधार पडला की दिवा असो नसो, सगळं धुकट. दिव्याचं नाव घेत होतो, कारण दिवा तू घरच्या घरी दुरुस्त करतेस. डोळ्यांचं नाव काढलं असतं, तर मालकाने मला लगेच गल्ल्यावर बसवलं असतं."

मला रडू आलं आणि संतापही आला. "म्हणून लोकांना कच्चं खायला घालायचं? कोणी आजारी पडलं असतं म्हणजे?"

"चुकलं माझं," बाबा म्हणाले. वाद घातला नाही, याचंच जास्त वाईट वाटलं.

मी मोबाइलचा टॉर्च लावला. हाडाजवळ मांस गुलाबी होतं. तंगडी परत जाळीवर ठेवली.

"अंधार का केलाय?" मालक दारात आला.

"सेल भरला नव्हता," मी म्हणाले. "आणि बाबांना दिसत नाहीये. उद्या मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेते. आता तू उभा राहा इथे."

दुसरा माणूस आणायचं मालक काही बोलला नाही. बाह्या सरसावून पुढे आला. बाबांनी चिमटा त्याच्या हातात दिला, पण ते ग्रिलपासून हलले नाहीत.

"चीर हाडापर्यंत घे," ते म्हणाले. "आणि आत काय दिसतं ते मला सांग."