धोतऱ्याचा कौल

सातासमुद्रापार कुठंशी लढाई पेटली आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचं मोल आलं. अमरावतीजवळच्या त्या गावात घरोघर रेच्यावर, म्हणजे हातानं फिरवायच्या लाकडी चरकावर, कापसातून सरकी निघू लागली. रुख्मिणीबाईंच्या घरी तर दिवसभर रेचा कुरकुरायचा. पैका आला, पण कापसाच्या धुळीनं बाईंना दमाही जडला.

शेजारच्या शहाजादीबी हकिमाच्या घरातल्या. त्यांनी धोतऱ्याचं वाळलं पान जाळून ओढायला दिलं आणि दोन झुरक्यांच्या वर धूर घ्यायचा नाही, असं बजावलं. पण थोडक्या औषधावर आपल्या लोकांचा विश्वास कुठला! धुरानं आराम पडतो, तर काढ्यानं दमा मुळासकट जाईल, असं ठरवून बाईंनी धोतऱ्याच्या बिया उकळल्या आणि कोणाला न सांगता तो काढा प्याल्या.

थोड्या वेळानं भिंती हलायला लागल्या. हवेत बोंडं फुटली, बाई ती वेचून ओटीत भरू लागल्या. तीन वर्षांपूर्वी वारलेली लेक दारात उभी राहून हसली. तेवढ्यात सून कौशल्या पाणी घेऊन आली आणि तिच्या हातातल्या बांगड्या वळवळू लागल्या.

"नागीण हाय हे! हिनंच माह्या लेकीले खाल्लं!" बाई किंचाळल्या.

झालं! अंगात देवी आली म्हणून गाव लोटलं. बाई सगळ्यांदेखत हवेतला कापूस ओटीत भरतच होत्या. नारळ फुटले, हळदकुंकू वाहिलं गेलं. वामनराव पाटलांनी निकाल दिला, "देवीचा कौल हाय. सुनेले उद्याच माहेरी धाडा, परत आनू नका."

दुसऱ्या दिवशी बाई भानावर आल्या, तेव्हा अंगणात गाडी जुंपलेली होती. लेक जानराव कासरा धरून, मान खाली घालून उभा होता. बायका येऊन बाईंच्या पायांवर डोकं ठेवत होत्या. जन्मात ज्यांना कोणी विचारलं नव्हतं, त्यांना हे गोड लागलं, खोटं कशाला बोला!

शहाजादीबींनी मात्र जवळ बसून त्यांचे डोळे निरखले. हळूच विचारलं, "बाहुल्या अजून फुगलेल्या हायेत, जीभ कोरडीठाक. बिया उकळून प्याल्या ना?"

बाईंनी पदर डोळ्यांवर ओढला.

"धोतरा बाहेरून काही आनत नाही, बाई. लेकीचं दुख तुमचंच, सुनेवरचा रागबी तुमचाच. त्यानं फक्त ढवळून डोळ्यापुढं मांडलं. काल ओटीभर कापूस वेचला न तुमी? दाखवा बरं, कुठं हाय?"

"पन सांगतलं तं लोक हासतीन मले!"

"हासतीन, दोन दिवस. नाही सांगतलं तं ते पोरगी जनमभर रडंल."

बाहेर कौशल्या गाडीत चढता चढता थांबली. डोळे पुसून म्हणाली, "आत्याबाई, तुमचं गरम पानी चुलीवर ठेवलं हाय. थंडं पिऊ नका, खोकला वाढते."

बाईंनी ते ऐकलं. नागीण म्हटलं, घराबाहेर काढलं, तरी हिला काळजी आपल्या खोकल्याची! त्या तशाच अनवाणी अंगणात धावल्या.

"थांबव गाडी, जानराव! देवीबिवी काई नव्हती! धोतऱ्याचा काढा प्याली व्हती मी! चूक माही हाय, पोरीची नाही!"

अंगणात हशा पिकला. एका बाईनं तर आपला नारळ परत मागितला! बाईंनी तिकडं पाहिलंही नाही. त्यांनी कौशल्येला गाडीतून उतरवून पोटाशी धरलं आणि दोघी मनसोक्त रडल्या. वामनरावही ओशाळून म्हणाले, "पोरी, माह्यानंबी चुकलं."

वाचकहो, नशेत दिसलेलं कधी देवाचं बोलणं नसतं; आपल्याच मनातला राग आणि दुःख तिथं सोंग घेऊन नाचत असतात. त्यावर विसंबून कोणाच्या लेकीला नागीण ठरवू नका. आणि चूक आपली असेल, तर लोक हसले तरी ती चारचौघांत बोलून दाखवा. रुख्मिणीबाई घडीभर हसं करून घ्यायला तयार झाल्या, म्हणून कौशल्येचं घर राहिलं.