उघड्या दाराचा डबा

माझ्याकडं कोणी लग्नपत्रिका घेऊन आलं की मी आधी कागद चिमटीत धरून जाडी बगतो. मुहूर्त, मांडव, जेवण हे मागून. परभणीतल्या आमच्या कॉलनीत हे सगळ्यांना ठाऊक हाय. लोक स्वतःच म्हणतात, "व्यंकटराव, लग्न झालं की आमी तुमच्याच डब्यात, नीट ठिवा."

डबे म्हंजे मालगाडीचे. रेल्वेत छत्तीस वर्षं मी डबे तपासले, हातोडीनं चाकं ठोकून आवाज ऐकले. छोटी लाईन, म्हंजे मीटरगेज, गेली, ते डबे भंगारात गेले, आणि मी वरच्या खोलीत प्लायवूडवर जुनं मानवत रोड टेशन मांडून बसलो. रूळ छत्रीच्या काड्यांचे, स्लीपर आगपेटीच्या काड्यांचे आणि डबे पत्रिकांचे. पत्रिकेच्या आतला जाड कागद एका बाजूनं कोरा असतो. कोरी बाजू बाहेर, तिच्यावर गेरूचा रंग. छापील बाजू आत. तिकडून बोथट सुईनं टोचलं की बाहेर पत्रा जोडणाऱ्या रिव्हेटचे ठिपके उठतात, अगदी खऱ्यासारखे. कापताना मी पत्रिका पालथी ठेवतो. नावं वाचत बसलं की हात चालत न्हाई, त्यातली निम्मी माणसं वर गेलेली असतात.

असे एकेचाळीस डबे झाले. पहिल्या सतरांवर बारीक पांढरे आकडे हायत. ते माझ्या पोरीनं, राजेश्रीनं काढलेले. तिची आई रुख्मिणी लवकर गेली. मग शाळेतून आली की पोरगी दफ्तर टाकून थेट वर यायची आणि जीभ दातात धरून आकडे काढायची. मी म्हणायचो, "राजू, चारचा आकडा लय फुगला." ती म्हणायची, "मग तुमीच काढा." माझ्यासारखाच नाकावर राग. पुढचे चोवीस डबे कोरे. आकडे मलाबी काढता येतात, पण काढू वाटले न्हाईत.

तिनं गंगाखेडच्या जीवनशी लग्न ठरवलं. पोरगा साखर कारखान्यात नोकरीला, सुपारीचंबी व्यसन न्हाई. पण घर मेंढरं राखणाऱ्याचं. आमी शेतीवाडीवाले, भावकीत मान. मी सांगितलं, "त्या मांडवाला माझा पाय लागायचा न्हाई." ती रडली न्हाई. बॅग भरून मानवतला माझ्या धाकट्या बहिणीकडं, बायनाबाईकडं गेली. पुढं बायनाबाईच पत्रिका घेऊन आली. "वाच तरी दादा," म्हणाली. मी ती न उघडता जुन्या पत्रिकांच्या टोपल्यात फेकली.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी बायनाबाई गंगाखेडच्या मांडवातून बेजार होऊन आली. बारा पस्तीसचा मुहूर्त आणि अक्षदा पडल्या सव्वादोनला. भटजी ओरडायला, पाव्हणे उपाशी, आणि नवरी म्हणायली थांबा, थांबा. मी हसलो. म्हणालो, "मेंढरं हाकणाऱ्यांना घड्याळ कशाला लागतंय." हे वाक्य मी नंतर चार ठिकाणी सांगून हशा मिळवला. आज ते आठवलं की तोंडात मारून घ्यावं वाटतं.

ह्याला अकरा वर्षं झाली. सुंभ जळला तरी पीळ जात न्हाई म्हणतात. माझा सुंभ जळून राख झाली होती, पीळ तेवढा धरून बसलो होतो. सतराव्या डब्यावरून बोट फिरवायचो आणि खाली येऊन एकटा जेवायचो. फोन करू करू म्हणायचो. मग वाटायचं, तिनं कामून करू नये? बाप मेला का जिता हाय, इतकंबी तिला पुसू वाटंना?

परवा बायनाबाई डोळे दाखवायला परभणीला आली. जिना चढून वर आली, गाडीकडं बगत बसली.

"दादा," ती म्हणाली, "राजू परवा फोनवर म्हणायली, बाबानं पत्रिकेवर मी लिहिलेलं वाचलं होतं का. मी म्हणलं, वाचलं असंल की. तर म्हणाली, वाचूनबी आले न्हाईत, मग मी काय तोंड घेऊन फोन करू."

"काय लिहिलं होतं?"

"मला काय ठाऊक? माझ्यासमोर पेनानं खरडलं आणि झाकून घेतलं. तू वाचलं न्हाईस?"

मी टोपल्याकडं बगितलं. टोपलं कधीच रिकामं झालेलं होतं. पत्रिका डब्यात गेली होती. खोटं कशाला बोलू, टोपल्यात तिची पत्रिका हाय हे मला कापतानाबी ठाऊक होतं. पालथी घालून कापायचा कायदा त्या साली मी लय कडक पाळला.

"फोन लावून पुस की तिलाच," बायनाबाई म्हणाली.

"काय पुसू? तू लिहिलेलं मी न वाचता कापलं, आता काय लिहिलं होतंस ते सांग?"

मी ब्लेड घेतलं.

पहिल्या सतरांना हात लावायचं काम नव्हतं, ते तिच्या लग्नाआधीचे. राहिले चोवीस. एकेका डब्याचं छत फेव्हिकॉलनं पक्कं बसवलेलं. माझंच काम, सहजी सुटतंय होय? कडेनं ब्लेड घालायचं, छत उचलायचं, चष्मा वर करून आत बगायचं. पहिल्या डब्यात दत्तरावांच्या थोरल्याचं लग्न निघालं. दुसऱ्यात कोण्या परमेश्वरची मुंज. तिसऱ्यात "आमच्या मावशीच्या लग्नाला नक्की यायचं हं." सहा महिने लागलेले डबे मी पाच-पाच मिनिटांत फोडायलो होतो. बायनाबाई म्हणाली, "दादा, सगळी गाडी मोडायलास." मी म्हणलं, "मोडू दे."

तेरा झाले, चौदा झाले. मला भ्या वाटू लागलं, की तो तुकडा उरलेल्या कातरणात केरात गेला असंल.

अठरा फोडून झाले, एकोणिसावा डबा हातात घेतला. सगळ्या गाडीत ह्या एकाच डब्याचं दार मी उघडं दाखवलंय, आतल्या कापसाच्या गाठी दिसाव्यात म्हणून. खरा कापूस दाबून गाठी केल्या होत्या. छत उचललं, गाठी एक-एक काढल्या. मागं भिंतीवर छापलेलं होतं, चि. सौ. कां. राजेश्री. त्याखाली मुहूर्त, दुपारी बारा पस्तीस. आणि दाराच्या भिंतीवर, आतून, निळ्या पेनानं तिचं अक्षर:

"बाबा, गाडी कितीही लेट होऊ द्या, मी"

पुढं दार होतं. मीच कापलेलं. दाराच्या पलीकडं नुसतं "राजू".

मी त्या भोकातून बोट घातलं. दुसऱ्या बाजूनं बोट बाहेर आलं, बाकी काई न्हाई.

"काय लिहिलंय?" बायनाबाईला नीट दिसत नव्हतं. मी वाचून दाखवलं. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

छत्तीस वर्षं रेल्वेत काढलेल्या माणसाला हिशोब समजून सांगावा लागत न्हाई. तेव्हा परभणीची सकाळची गाडी गंगाखेडला साडेअकराला जायची. त्या गाडीनं मी उतरलो न्हाई. पुढची गाडी पावणेदोनला. टेशनापासून मांडवापर्यंत चालत पंधरा-वीस मिनिटं. सव्वादोनला अक्षदा. घड्याळ त्या लोकांना कळत नव्हतं असं न्हाई. माझी पोरगी हळदीच्या अंगानं, भटजीच्या शिव्या खात, दुसऱ्या गाडीची वाट बगत बसली होती. आणि त्याच्यावर मी चार ठिकाणी हसलो होतो.

"लाव फोन," मी म्हणलं.

बायनाबाईनं फोन लावून माझ्या हातात दिला. पलीकडं कुकरची शिट्टी झाली, मग "हां आत्या, बोल."

"आत्या न्हाई. मी बोलायलोय, राजू."

कोणीतरी गॅस बंद केला.

"बोला बाबा."

"तुझी पत्रिका मी आज वाचली."

"आज?"

"आज. त्या येळी वाचलीच न्हाई. न वाचता कापली, डबा केला. तुला वाटत आलं मी वाचूनबी आलो न्हाई. तसं न्हाई राजू. पण जे केलं ते त्याहून वाईटच हाय. आन 'मी'च्या पुढं मी दार कापून ठिवलंय. पुढं काय लिहिलं होतंस?"

मी कान लावून उभा राहिलो, जसा चाकाला ठोकून राहायचो, तडा हाय का न्हाई ऐकत.

"अकरा वर्षं झाली बाबा," ती म्हणाली. "आता आठवत न्हाई."

मग तिनं नाक ओढलं आणि पुसलं, "कोण्या गाडीनं यायलाव?"

येतो म्हणून मी अजून बोललोच नव्हतो.