स्थिरगुरूंचं गोड पाणी

हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर सकाळच्या तुकडीतली तीन मुलं बसली होती, नाकावर माशी बसली तरी ढिम्म हलत नव्हती. लोक हात जोडून बघत होते.

"सकाळी यांच्या अंगात वादळ होतं!" स्थिरगुरू माइकवर गरजले. "आता? आता तळं! ना गोळी, ना डॉक्टर. फक्त मंतरलेलं पाणी!"

दुपारच्या तुकडीत आमची भिंगरी होती. भिंगरी म्हणजे माझ्या दादाची मुलगी, वय आठ. गणित करताना पंख्याची पाती मोजणारी आणि बाईंचा प्रश्न संपायच्या आधी उत्तर ओरडणारी. मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं, "हा हट्ट नाही, आळस नाही. लक्ष हवं तिथे वळवणं आणि टिकवणं तिच्या मेंदूला जड जातं. याला एडीएचडी म्हणतात. शाळेची मदत, घरातली शिस्तशीर घडी, गरज पडली तर औषध, यानं फरक पडतो."

"माझी मुलगी वेडी नाही!" दादा भडकला. आज भिंगरी शांत झाली की सुट्टीभर तिला स्थिरगुरूंच्या निवासी वर्गात ठेवायचं आणि डॉक्टर कायमची बंद, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. वर त्या डॉक्टरीणबाईंनाच बोलावलं, "या, डोळ्यांनी बघा!" त्या खरंच आल्या, दाराशी बसल्या. वहिनी बिचारी रात्रभर रडली होती.

आणि मी? मी कपडे शिवते. एक बाही लावली की दुसरी लावायच्या आधी मला कपाट आवरायचं सुचतं. माझं बूड कुठे टिकत नाही, म्हणून घरात सगळे म्हणतात, पोरगी आत्यावर गेली.

व्यासपीठाशेजारच्या पिंपातून भरून पाण्याचे पेले आले. "पालकांनी थेंबही घ्यायचा नाही, शक्ती उलटते," असं सांगितलं म्हणे. सांगितलं असेल! मी तेव्हा समोरच्या बाईच्या पदराची शिलाई बघत होते. भिंगरीनं पेला न पिताच खाली ठेवला आणि खुर्च्यांखालून रांगत सुटली. मला तहान लागली होती, उचलला आणि घटाघटा प्यायले. गोड होतं, मागाहून जरा कडवट. तबकात उरलेला आणखी एक पेलाही रिचवला.

मग प्रवचन. बाई गं, ते प्रवचन! मन म्हणजे माकड, माकड म्हणजे मोह, मोह म्हणजे मोबाइल... अर्धा तास झाला तरी गाडी माकडावरच. आणि गंमत म्हणजे मी ऐकत होते! पाय हलत नव्हते, डोकं जड आणि गार. वाटलं, चमत्कार खरा आहे की काय.

"डोळे मिटा!" गुरूंनी स्वतःही मिटले. "मुलं आता स्थिर झाली आहेत..."

किंऽऽऽ! माइक असा किंचाळला की सगळ्यांचे डोळे उघडले. बाकीची मुलं पेंगत होती. भिंगरी माइकची वायर कमरेला गुंडाळून गिरक्या घेत होती. आणि मी, वहिनी सांगते, दादाच्या खांद्यावर तोंड उघडं टाकून घोरत होते.

हॉल खदखदून हसला. गुरू काय कमी! "पाहिलंत? मुलीची अशांती इतकी दांडगी, की शांती घाबरून आत्याकडे पळाली!"

डॉक्टरीणबाई धावत आल्या, मला हलवून विचारलं, "काय प्यायलात?"

"भिंगरीचं पाणी," मी जड जिभेनं म्हटलं.

त्यांनी पिंपातून एक पेला भरला. "गुरुजी, हा तुम्ही घ्या."

"मला कशाला? मी मुळातच स्थिर आहे."

"मग पाण्यानं काय बिघडणार?"

गुरूंनी दाराकडे पाहिलं. शिष्य पिंप उचलायला धावले, तेवढ्यात माझी वहिनी, जन्मात कोणाला अरे न म्हणणारी, पिंपाला मिठी मारून उभी राहिली. "हात तर लावून बघा!"

सगळ्या मुलांना तिथून थेट दवाखान्यात नेलं. पिंपातलं पाणी तपासलं, त्यात गुंगी आणणारं सर्दीचं औषध निघालं. ते प्रवचन उगाच लांबत नव्हतं, औषध चढायला वेळ लागतो. आणि मात्रा मोजायची नाही, कोणाला किती झेपेल ते बघायचं नाही! एखाद्या लेकराचा श्वास अडकला असता तर?

दवाखान्याच्या बाकावर दादा भिंगरीला घट्ट धरून बसला होता. ती चुळबुळत होती, त्याच्या शर्टाचं बटण फिरवत होती. "मी हिला सुट्टीभर तिथे ठेवणार होतो गं," म्हणाला आणि ढसाढसा रडला.

डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या. "तुम्हीही एकदा येऊन तपासून घ्या. हे मोठ्यांनाही असतं." मी हसले, मग हसू विरलं. आयुष्यभर वेंधळी, वेंधळी ऐकलेलं सगळं एकदम आठवलं, आणि मी भिंगरीची आणि माझी, दोघींची वेळ ठरवून आले.

भिंगरी आजही हलते, बोलते, विसरते. पण आता उदाहरण तुकड्या-तुकड्यानं सोडवते, मधे उठून एक फेरी मारते आणि परत येऊन बसते. हे हळूहळू होतं, कोणी टाळ्या वाजवत नाही. म्हणून सांगते, तुमचं खोडकर पोर कोणी घटकाभरात पुतळ्यासारखं बसवलं, तर पाया पडू नका. आधी विचारा, त्याला पाजलं काय?