निळ्या भिंतीवर सोन्याचा सडा

लग्नाची पत्रिका हल्ली व्हिडिओ होऊन मोबाईलवर येते, आणि तिच्यातून सोनं सांडलं नाही तर वरबापाचं नाक कापलं जातं. पिपरी मेघेतल्या रजतच्या स्टुडिओत हे सोनं सांडायचं काम अश्वजितकडे होतं.

या खेपेचं लग्न त्याच्याच गावचं, प्रभाकररावांच्या मुलाचं. ड्रोन वेशीपासून गावावरून उडत प्रभाकररावांच्या दारात उतरतो आणि खालच्या रस्त्यावरून सोन्याचे कण वरातीसारखे धावतात, ही कल्पना अश्वजितचीच. सांगायला सोपी, करायला जीव काढणारी. कॉम्प्युटरवर त्या रस्त्याची रेघ ओढायची, कण रेघेवरून सोडायचे. पण ड्रोन पुढे गेला की चित्रातला रस्ताही सरकतो, म्हणून रेघेचा एकेक बिंदू हाताने त्याच्यामागे न्यायचा. जरा चुकलं की सोनं कोणाच्या तरी गोठ्यात शिरतं. चार दिवस तो हेच करत बसला होता. आता पाहणाऱ्याला वाटावं, खरंच कोणीतरी मुठीमुठीने उधळत चाललंय.

त्या रस्त्यावर बौद्धवाडा होता, आणि विहाराला लागून अश्वजितचं घर. काम हाती येताच त्याने फुशारकीने आईला, धुरपताबाईला, सांगून टाकलं होतं, "माय, आपल्या घरावर सोनं पडन, पाहजो." तिने पुढची भिंत स्वतःच्या हाताने निळी रंगवली. ड्रोन आला तेव्हा ठेवणीतली पांढरी साडी नेसून ती दारात उभी राहिली. चित्रात ती तांदळाच्या दाण्याएवढी दिसत होती, पण दिसत होती. तेवढ्यासाठी त्याने तिथे कण मुद्दाम विरळ ठेवले. आईला दिलेला शब्द पाळल्याचा आनंद त्याला प्रभाकररावांच्या लग्नापेक्षा मोठा होता.

प्रभाकरराव पाहायला आले. बसल्या जागेवरून हुकूम सोडायची त्यांना सवय, खुर्ची ओढून अश्वजितच्या मागेच बसले.

"वा! लय भारी केलं. पण हे सोनं इकून काऊन चाललं?"

"सरळ रस्ता तोच आहे काका, वेशीतून."

"सरळ असन बाप्पा. पण आमची वरात तिकून नाई जात. शाळेमागून जाते. तुले तं माहीत हाये."

माहीत होतंच. लहानपणापासून त्याने वराती शाळेमागून वळसा घालताना पाहिल्या होत्या. वस्तीत बँडचा आवाज तेवढा यायचा. चार दिवस वरून गाव पाहता पाहता खालचं गाव तो विसरला, आणि त्याला स्वतःचीच चीड आली.

"रेघ वळवतो," तो म्हणाला. "पण ड्रोन तर वस्तीवरूनच गेला. ती दिसणारच."

प्रभाकरराव हसले. गोड हसण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात नाही. "आमचं काई नाई रे बाबू. पाहुणे बोलतात. तुमी आमाले परके हाये का?"

तोडगा रजतने काढला. "अश्वजितभाऊ, तिथं कण दाट करून टाक ना. झाकून जाईन. सीझन आहे, वाद नको."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. उठून चालतं व्हावं असं त्याला मनापासून वाटलं. तो उठला नाही. त्याने रेघ शाळेमागे वळवली आणि वस्तीवर कण वाढवत नेले. आधी विहाराचा झेंडा गेला, मग टिनाची छपरं, मग निळी भिंत. दारातला पांढरा दाणा सगळ्यात शेवटी गेला. काम इतकं सफाईदार उतरलं की प्रभाकररावांनी पाठ थोपटली. ती थाप दिवसभर त्याच्या पाठीत सलत राहिली.

रविवारी तो गावी गेला तेव्हा माय मोबाईल घेऊनच बसली होती. पत्रिका गावभर फिरली होती, शेजारच्या पौर्णिमाने तिला लावून दिली होती. त्याच्यासमोर तिने ती पुन्हा एकदा पाहिली, डोळ्यांजवळ धरून.

"सोनं तं लय पडलं," ती म्हणाली. "आपलं घर कुठी हाये?"

"त्याच्या खाली."

तिने मोबाईल खाली ठेवला. वराती कुठून जातात हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"हे प्रभाकररावनं केलं?"

हो म्हणता आलं असतं. ते अगदीच खोटं नव्हतं.

"नाई माय," तो म्हणाला. "त्याले हे काम येत नाई. मले येते."