जग बुडेपर्यंतची खोली

१९६१च्या दिवाळीनंतर अमरावतीतली घरं स्वस्त झाली नव्हती. एकच झालं होतं, आणि ते मला मिळालं.

चौदा वर्षं आम्ही मैनाबाईंच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. मी शाळेत भूगोल आणि गणित शिकवत असे. संध्याकाळी आजूबाजूची दहाबारा मुलं घरी शिकायला येत. जागा नसल्यामुळे ती जिन्याच्या पायऱ्यांवर बसत. वरच्या पायरीवरच्याला फळा दिसे, खालच्याला वरच्याचे पाय दिसत. मला घर हवं होतं ते खरं म्हणजे एका खोलीसाठी. रस्त्याकडे खिडकी, भिंतीवर फळा, खाली सतरंजी, एवढंच. बाकीचं घर माझ्या बायकोला, अनसूयेला हवं होतं.

त्यात मैनाबाईंनी सांगून टाकलं, "मास्तर, माघात पोराचं लगन हाय. खोल्या लागतीन मले. आतापासून पाहून ठेवा, नाई तं मंग म्हणसान, बाईनं सांगतलं नाई."

आणि नेमके तेव्हाच मोरोपंत घर विकायला निघाले. कचेरीतून निवृत्त झालेले, पत्नी वारलेली, मूलबाळ नाही. अंबापेठेच्या मागच्या गल्लीत त्यांचं चार खोल्यांचं घर होतं आणि समोरच्या खोलीची खिडकी बरोब्बर रस्त्यावर उघडत होती. घर विकायचं कारण साऱ्या गावाला ठाऊक होतं. येत्या पौष अमावास्येला आठ ग्रह मकर राशीत एकत्र येणार होते आणि जग बुडणार होतं. गावात जिकडेतिकडे अष्टग्रहीचीच चर्चा. कुणी यज्ञाची वर्गणी मागत होतं, कुणी गावाकडे निघालं होतं.

"घर सोबत येत नाही, मास्तर," मोरोपंत म्हणाले, "पुण्य येतं. येईल ते सगळं यज्ञाला आणि अन्नदानाला द्यायचं ठरवलंय."

मी मान डोलावली. फार गंभीरपणे डोलावली.

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याच आठवड्यात मी सातवीच्या वर्गात मधोमध कंदील ठेवला होता आणि त्याच्याभोवती लिंबं, बोरं, हरभरे मांडले होते. गुरूसाठी घरून एक मोठं संत्रं नेलं होतं. ग्रह एका रांगेत दिसतात म्हणजे ते जवळ येत नाहीत, त्यांच्यात कोट्यवधी मैलांचं अंतर असतं, हे मी वर्गाला तीन दिवस समजावलं. मागच्या बाकावरच्या एकाला ते समजलं नाही, म्हणून चौथ्या दिवशी पुन्हा मांडलं. न कळणाऱ्या मुलावर मी आयुष्यात कधी चिडलो नाही.

कागद करायला मोरोपंतांच्या ओट्यावर आम्ही तिघं बसलो. मोरोपंतांची अट एकच होती. शेवटचे दिवस त्यांना आपल्या समोरच्या खोलीत काढायचे होते.

"पौष अमावास्येपर्यंत राहू द्या. पुढे तुम्ही नाही, मी नाही."

आमचीही अडचण नव्हती. पौषात कुणी नव्या घरात राहायला जात नाही. माघ लागल्याशिवाय अनसूया उंबरा ओलांडणार नव्हतीच. अट नोंदवण्यासाठी एक वेगळा कागद घेऊन मी लिहायला लागलो, "पौष अमा..." आणि अनसूयेनं माझा हात धरला.

"अहो, नव्या घराच्या कागदावर अमावास्या काय लिहिता?"

"बरोबर आहे वहिनींचं," मोरोपंत म्हणाले. "तिथी नकोच."

मग मी जरा विचार केला आणि माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'जग बुडेपर्यंत मोरोपंतांनी समोरच्या खोलीत राहावे. त्यास हेमचंद्र मास्तरांनी हरकत घेऊ नये.' मोरोपंतांनी वाचलं, डोळे मिटले, सही केली. मीही केली. मला मनातून हसू येत होतं. ते मी मिशीत दाबलं.

मार्गशीर्षात रजिस्ट्री झाली. आमची मुलगी चारुशीला तेव्हा अकरा वर्षांची होती. एका संध्याकाळी ती पाढे म्हणता म्हणता थांबली.

"बाबा, मोरोपंतांना लिंबं दाखवलीत का?"

"कसली लिंबं?"

"ग्रहांची. जग बुडणार नाही म्हणून."

"मोठ्या माणसांना शिकवायला जाऊ नये, बेटा. त्यांना वाईट वाटतं."

"रजिस्ट्रीच्या आधी दाखवली असती तर त्यांनी घर विकलं असतं का?"

मी म्हटलं, "सतराचा पाढा राहिलाय."

अनसूया आत भाकऱ्या थापत होती. थापण्याचा आवाज थांबला, आणि जरा वेळानं पुन्हा सुरू झाला.

पौषभर आम्ही तयारी केली. अनसूयेनं मागची खोली शेणानं सारवून घेतली, चुलीची जागा ठरवली. मी मात्र समोरच्या खोलीचं माप घेऊन सुताराकडून मोठा फळा करवून घेतला. माप घेताना मोरोपंत खाटेवर जप करत बसलेले होते. माझ्या हातातल्या टेपकडे ते दयेनं बघत होते. जग बुडायला बारा दिवस उरले, आणि हा माणूस फळ्याचं माप घेतो!

चार फेब्रुवारीला, रविवारी, अमावास्या आली. शहरात मंत्रांचा घोष चालला होता. सोमवार उजाडला. दूधवाला आला. शाळा भरली. सातवीच्या वर्गानं माझ्याकडे इतक्या कौतुकानं पाहिलं की मी दोन इंच उंच झालो.

त्या संध्याकाळी मी फळा हातगाडीवर घालून नव्या घरी गेलो. मोरोपंत खिडकीशी बसून चहा पीत होते. चेहऱ्यावर पोटभर झोप झालेल्या माणसाची प्रसन्नता होती.

"वाचलो, मास्तर! सगळे वाचलो. यज्ञाला फळ आलं."

"आनंद आहे," मी म्हटलं. "मग आता निघायचं कधी?"

"कुठे?"

खरंच, कुठे? धामणगावला त्यांचा एक पुतण्या होता, पण त्यानं चार वर्षांत पोस्टकार्ड टाकलं नव्हतं. आणि घराचं जे आलं होतं ते हजार माणसांच्या पंगतीत जेवून झालं होतं.

मोरोपंतांनी उशीखालून घडी केलेला कागद काढला. "आपण लिहिलंय ना सगळं. तुमचं अक्षर फार सुंदर आहे."

दुसऱ्या दिवशी मी तो कागद वामनराव वकिलांकडे नेला. वामनराव माझे जुने स्नेही. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

"मास्तर, जग बुडणार आहे का?"

"छे! मुळीच नाही."

"नक्की?"

"अहो, मी मुलांना शिकवतो ते."

"मग झालं तर," वामनराव म्हणाले आणि कागद माझ्याकडे सरकवला.

मी उन्हात चालत घरी आलो. जग बुडणार नाही हे पक्कं ठाऊक असलेला माणूस त्या ओट्यावर एकटा मीच होतो. तरी लिहिताना मी मोरोपंतांचं पंचांग धरून बसलो, कारण त्या दिवशी ते माझ्या सोयीचं होतं.

अनसूयेनं सगळं ऐकून घेतलं. तिनं विचारलं, "मोरोपंत तुमच्या वर्गातल्या मागच्या बाकावरच्या पोरासारखे असते, तर त्यांना चौथ्यांदा समजावलं असतंत ना?"

"असतं."

"मग झालं तर," तीही म्हणाली.

माघात चांगला दिवस पाहून आम्ही राहायला गेलो. दिवस अर्थात मोरोपंतांनीच काढून दिला. अनसूयेनं दूध उतू घातलं आणि पहिला नैवेद्य त्यांच्या खोलीत नेला. फळा त्यांच्याच भिंतीवर लागला, कारण मापानं तो दुसरीकडे कुठे बसतच नव्हता. संध्याकाळी मुलं आली आणि सतरंजीवर बसली. मोरोपंत खाटेवर मांडी घालून बसले, आणि पहिला प्रश्न त्यांनीच केला.

"मास्तर, ते लिंबांचं काय आहे म्हणतात? चारू सांगत होती."

मी कंदील मागवला. लिंबं, बोरं, हरभरे, संत्रं. सगळं पहिल्यापासून, सावकाश. मोरोपंतांना दुसऱ्यांदा सांगितल्यावर समजलं.

"हे दिवाळीत सांगायचं होतं," ते म्हणाले. रागानं नाही. मुलं वहीत तारीख चुकल्याचं सांगतात, तसं.

"चुकलं माझं," मी म्हटलं. मुलांसमोर म्हटलं.

"म्हणजे जग कधीच बुडत नाही?"

मी हो म्हणणार होतो. पण चारुशीलानं हात वर केला.

"बाबा, तुम्हीच सांगितलं होतं, सूर्य एक दिवस विझणार आहे. पाचशे कोटी वर्षांनी."

"पाचशे कोटी," मोरोपंतांनी मनाशी हिशेब केला. मग खाटेवरून उतरले, कोपऱ्यातली बांधून ठेवलेली वळकटी सोडली आणि पांघरूण नीट घडी करून उशाशी ठेवलं.

"मग काही घाई नाही," ते म्हणाले. "शिकवा तुम्ही."