चारशे तीस ग्रॅमचं बटण

रिमोटवर चव्वेचाळीस बटणं होती. त्यांतली आमच्या घरात सात वापरली जायची: चालू-बंद, आवाजाची दोन, चॅनलची दोन, आवाज एकदम बंद करण्याचं एक आणि मधलं गोल. उरलेली सदतीस कशासाठी आहेत, हे आम्हा तिघांपैकी कोणालाही सांगता आलं नसतं. सातांपैकी बाबांना उजव्या अंगठ्याने एकही दाबता येत नव्हतं.

बाबा म्हणजे डोमाजी, वय चौसष्ट. रेल्वेत एकतीस वर्षं पॉइंट्समन होते. बडनेऱ्याच्या यार्डात गाडीसाठी रूळ बदलण्याचं काम. नऊ जुलैला सकाळी दात घासताना त्यांच्या हातातून ब्रश पडला आणि तो त्यांना उचलता आला नाही. अमरावतीच्या दवाखान्यात अकरा दिवस काढून ते घरी आले, तेव्हा काठीच्या आधाराने चालत होते, शब्द एकेक करून येत होते, आणि उजव्या हाताची बोटं वळत होती, पण त्यांत जोर नव्हता. व्यायाम शिकवायला प्राजक्ता मॅडम दर सोमवारी यायच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "जे करायचं ते उजव्या हातानं. पहिले सहा महिने सगळ्यात महत्त्वाचे. नंतरही सुधारतो हात, पण फार हळू."

मी वहीत तारीख लिहिली: नऊ जानेवारी.

मी त्यांची मुलगी, नीलम. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि आता अमरावतीच्या एका क्लासमध्ये अकरावी-बारावीला शिकवते. दर रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा बाबांसमोरच्या स्टुलावर ठेवायची. ते उजव्या अंगठ्याने तीनदा दाबायचे आणि मी सरासरी लिहायची. ऑगस्टचे पहिले तीन रविवार: एकशे साठ ग्रॅम, एकशे पंचाऐंशी, दोनशे पाच.

मॅडमनी दिलेला स्पंजचा चेंडू दाबण्यात बाबांना रस नव्हता. टीव्हीत होता. आपल्याला हवं ते आपण लावावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. आईने चॅनल बदललं की ते भिंतीकडे तोंड करून झोपायचे, मग त्यांच्या आवडीची कुस्ती का लागलेली असेना.

संध्याकाळी सातला शेजारचे मोतीराम काका बातम्या पाहायला यायचे. तेही रेल्वेतूनच निवृत्त झालेले. त्यांच्या घरी टीव्ही आहे, पण तो सुनेच्या मालिकांच्या ताब्यात असतो. एका संध्याकाळी बाबांनी रिमोट उजव्या हातात धरला, अंगठा बटणावर ठेवला आणि दाबला. काही झालं नाही. पुन्हा दाबला. कपाळावर घाम आला.

"काय बे डोमाजी," काका म्हणाले, "आख्खी मालगाडी या रुळावरून त्या रुळावर नेत होता, अन् आता चॅनल बदलून नाही राह्यलं?"

काकांना ते विनोदानेच म्हणायचं होतं. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "भाऊजी, तोंडाले काही लगाम?" पण बाबांनी रिमोट चादरीवर टाकून दिला होता. त्यानंतर आठवडाभर त्यांनी त्याला हात लावला नाही.

माझा भाऊ सुगत अकोल्याला असतो. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी तो आला, तो त्याचा जुना फोन घेऊन. त्या फोनच्या वरच्या कडेला एक बारीक काळी खिडकी होती.

"याच्यातून रिमोटसारखाच उजेड निघते," तो म्हणाला. "बाबा, आता बटण दाबाची झंझटच नाही. फक्त बोट ठेवाचं."

त्याने ॲप टाकलं, टीव्हीची कंपनी निवडली. उजेड खरंच निघतो का, हे मी माझ्या फोनच्या कॅमेऱ्यातून पाहिलं. डोळ्यांना न दिसणारा तो प्रकाश कॅमेऱ्यात फिकट जांभळा लुकलुकताना दिसतो. लुकलुकत होता. बाबांनी आधी उजवा अंगठा काचेवर ठेवला, पण तो थरथरून एकाच वेळी तीन बटणांवर पडला आणि टीव्ही बंदच झाला. मग त्यांनी डाव्या हाताची तर्जनी लावली. टीव्ही चालू. चॅनल पुढे. अजून पुढे. मागे.

"वा!" बाबा म्हणाले. दवाखान्यातून आल्यापासून न अडखळता आलेला हा त्यांचा पहिला शब्द होता. त्या दिवशी रात्री जेवणापर्यंत त्यांनी एकसष्ट वेळा चॅनल बदललं. मी मोजत होते.

ॲप फुकट होतं, त्यामुळे त्यात मधूनच जाहिराती यायच्या. एका दुपारी बाबांचं बोट नको तिथे पडलं आणि एक मुलगी मोठ्याने त्यांना रमी खेळायला बोलावू लागली. आई भाजी चिरता चिरता विळी सोडून आली.

"हे कोण बोलून राहिली तुमच्या बाजेवर?"

"मा-ईत नाही," बाबा म्हणाले.

"मग एवढं लाडात काहून बोलते वं बाई?"

बाबा हसले, तोंडाच्या डाव्या बाजूने जास्त. ते हसताना दिसले म्हणून आम्ही सगळेच खूश होतो. मोतीराम काका सातला यायचे आणि बाबा दिमाखात बातम्या लावून द्यायचे. काकाही म्हणाले, "लेका, तू तं स्टेशनमास्तर झाला."

वहीतले आकडे मात्र दुसरंच सांगत होते. सप्टेंबरचे चार रविवार: दोनशे पाच, एकशे पंचाण्णव, एकशे नव्वद, एकशे ऐंशी. पहिल्या घसरणीला मी वजनकाट्याला दोष दिला आणि त्याचे सेल बदलले. दुसऱ्या वेळी म्हटलं, झोप झाली नसेल. चौथ्या रविवारनंतरच्या सोमवारी मी वही प्राजक्ता मॅडमसमोर ठेवली. त्यांनी बाबांकडे पाहिलं, मग उशीजवळच्या फोनकडे.

"काका, हा कोणत्या हातानं चालवता?"

बाबांनी डावा हात चादरीखाली घेतला.

"दिवसभर डावाच चालत असेल तर उजव्याला कामच उरत नाही," मॅडम मला म्हणाल्या. "ऑगस्टमध्ये निदान प्रयत्न तरी करत होते."

फोन आम्हीच दिला होता. त्यातली बटणं मोठी दिसावीत म्हणून सेटिंगही मीच बदललं होतं. मॅडम गेल्यावर मी बाबांना आकडे दाखवले आणि म्हटलं, "बाबा, फोन काही दिवस बाजूले ठेवू. सहा महिन्यांतले तीन होत आले."

"ना-ही."

"मग हात कसा सुधरंल?"

ते बराच वेळ शब्द शोधत राहिले. "मोत्या... हास्ते," ते म्हणाले. मग बोटाने रिमोट दाखवला. "हे... दबत... नाही. मी... दाबतो."

दाबतो, पण दबत नाही. मी अंगठा दोन महिने मोजत होते. बटण एकदाही मोजलं नव्हतं.

ते मोजायची वेळ चार दिवसांनी आली. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधी आमचं घर आवरलं जातं. जाळी निघतात, भांडी उन्हात जातात, आणि ज्या ज्या वस्तूवर पन्नी, म्हणजे प्लास्टिकचं आवरण, आहे तिला नवी पन्नी चढते. आमच्याकडे पन्नी फ्रिजच्या मुठीला आहे, स्कूटीच्या सीटला आहे, पंख्याच्या रेग्युलेटरला आहे. आई रिमोट मांडीवर घेऊन नवी पारदर्शक पिशवी ओढत होती.

"आई, थांब. जुनी काढली नाही का?"

"जुनी काहून काढाची? जुनी तं रिमोट संभाळते. नवी जुनीले संभाळते."

"किती वर्षांपासून?"

"घेतला तवापासून. तुह्या बाबानंच सुरू केलं."

मी रिमोट तिच्याकडून घेतला. उजेडाकडे धरून कडा मोजल्या: कंपनीची एक, आमच्या चार, आणि त्यांवर चिकटपट्टीचे वेढे. वजनकाट्यावर रिमोट ठेवून काटा शून्य केला आणि चॅनलचं बटण हळूहळू दाबत गेले. टीव्हीने दाद दिली तेव्हा आकडा होता चारशे तीस. मग मोतीराम काकांकडे गेले. त्यांचा टीव्ही त्याच कंपनीचा, रिमोट उघडाच. त्यांच्या सुनेने मालिका सुरू असताना माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती इथे नोंदवत नाही. तिथलं बटण दोनशे पन्नास ग्रॅमला दबलं.

बाबांचा ऑगस्टमधला उत्तम आकडा होता दोनशे पाच. पन्नी नसती तर अंतर पंचेचाळीस ग्रॅमचं होतं. पन्नीमुळे ते दोनशे पंचवीस झालं होतं.

मी कात्री आणली. आईने रिमोट पाठीमागे लपवला.

"नव्यासारखा हाय! पन्नी हाय म्हणून तं टिकला. फोडणीचे हात लागतात, धूळ बसते..."

"आई, नवा घेऊ ना खराब झाला तं."

"तुह्या बाबाले विचार. त्यायनं गुंडाळला, तेच सांगतीन."

आम्ही दोघी बाजेजवळ गेलो. मी बाबांना दोन्ही आकडे सांगितले, चारशे तीस आणि दोनशे पन्नास. त्यांनी आकडे ऐकले आणि आईकडे हात केला. आईने रिमोट दिला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, चिकटपट्टीची नीट लावलेली टोकं पाहिली.

"काप," ते म्हणाले.

पन्नी निघाल्यावर आतला रिमोट खरोखर नवा होता. बटणांवरची अक्षरं पांढरीशुभ्र होती. आई म्हणाली, "पाय, म्या सांगलं होतं." बाबांनी अंगठा ठेवून दाबला. चॅनल बदललं नाही. एकशे ऐंशीचा अंगठा, दोनशे पन्नासचं बटण.

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता फोन मागतील. तसं झालं नाही. त्यांनी दोन अटी घातल्या, आणि त्या सांगायला त्यांना दहा मिनिटं लागली. एक: संध्याकाळी सातनंतर, मोतीराम असताना, फोन. दिवसभर रिमोट. दोन: ते दाबत असताना कोणी पाहायचं नाही आणि कोणी मदतीला यायचं नाही.

दुसरी अट आईला जड गेली. सकाळी मी क्लासला जाताना टीव्ही लावून जायची आणि जे लागलं असेल ते दुपारपर्यंत लागलेलं राहायचं. पहिल्या आठवड्यात सलग तीन दिवस एकच माणूस एकच मिक्सर विकत होता.

"नीलू, ते मिक्सर तीन भांड्यायचं हाय अन् वरून ज्यूसरचं भांडं फुकट हाय," आई मला फोनवर म्हणाली. "मले पाठ झालं. बदलवू का?"

"नको."

"तेही नको म्हणून राह्यले. तुमी बापलेकीनं मले वेडी कराचं ठरवलं काय?"

ऑक्टोबरचे आकडे: एकशे पंचाऐंशी, एकशे नव्वद, दोनशे दहा, दोनशे दहा. नोव्हेंबरच्या सोळा तारखेला दुपारी दीड वाजता मी वर्गात असताना आईचा मेसेज आला, व्हॉइस मेसेज, सहा सेकंदांचा. त्यात ती काहीच बोलली नव्हती. मागे मिक्सरवाल्याचा आवाज होता, मग तो मध्येच तुटून ढोलकी सुरू झाली. त्या रविवारची सरासरी दोनशे चाळीस होती, पण तीनपैकी एका दाबात काटा दोनशे साठला गेला होता.

डिसेंबरात दिवसा रिमोट चालू लागला. कधी पहिल्या दाबाला, कधी पाचव्या. सातला मात्र फोनच. अट अट होती.

आठ जानेवारीला संध्याकाळी मोतीराम काका आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "लाव बापा बातम्या." बाबांनी उशीजवळचा फोन उचलला, डाव्या हाताने पालथा ठेवला आणि उजव्या हातात रिमोट घेतला.

पहिला दाब. काही नाही.

काकांनी तोंड उघडलं. आईने चहाचा कप त्यांच्यासमोर इतक्या जोरात ठेवला की बशीत सांडला. "चहा प्या, भाऊजी."

दुसरा दाब. काही नाही. बाबांनी रिमोट मांडीवर टेकवला, अंगठा पुसला, पुन्हा धरला. या वेळी त्यांनी घाई केली नाही. चॅनल बदललं. मग पुन्हा. बातम्या आल्या, आणि बाबा त्या ओलांडून पुढे गेले. दोन पैलवान मातीत एकमेकांची मान धरून उभे होते. तिथे ते थांबले.

"अबे, बातम्या मागं गेल्या," काका म्हणाले.

"मा-ईत हाय."

"मग मागं घे ना!"

"आज... कुस्ती."

काका माझ्याकडे वळले. "पोरी, याच्या हाती काहून दिलं हे?" आणि खुर्ची बाजेजवळ ओढून कुस्ती पाहू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी वजनकाटा स्टुलावर ठेवला आणि शून्य केला. नऊ जानेवारी. उजवा अंगठा, तीन दाब: दोनशे ऐंशी, दोनशे पंच्याण्णव, दोनशे पंचाऐंशी. सरासरी दोनशे सत्त्याऐंशी ग्रॅम.